थ्रीडी ब्लू-रे घेताना कोणती आवृत्ती निवडावी

एकच चित्रपट ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीहून स्पष्ट चित्र देणाऱ्या डिस्कवर, तीन-चार रूपांत येऊ शकतो: निव्वळ टूडी, निव्वळ थ्रीडी, दोन्ही सामावणारी एक डिस्क, किंवा एकाच खोक्यात दोन्हींच्या वेगळ्या डिस्क. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत थ्रीडी लिहिलेले असले, तरी आत नेमके काय आहे ते मलपृष्ठावरील बारीक मजकुरातच कळते. म्हणून खरेदीपूर्वी तो पूर्ण वाचावा.

डिसेंबर 2009 मध्ये निश्चित झालेल्या थ्रीडी ब्लू-रेच्या मानकानुसार एका डोळ्याचे चित्र पूर्ण साठवले जाते आणि दुसऱ्या डोळ्यासाठी त्याहून वेगळा असलेला भाग तेवढा जोडला जातो, त्यामुळे दुप्पट जागा न लागता प्रत्येक डोळ्याला 1920 बाय 1080 चे पूर्ण चित्र मिळते. या रचनेत साध्या प्लेयरला दुसऱ्या डोळ्यासाठी जोडलेला भाग वगळून टूडी चित्र दाखवता येते. परंतु काही प्रकाशक डिस्क अशी बांधतात की साध्या प्लेयरमध्ये केवळ सूचना झळकते आणि चित्रपट सुरूच होत नाही. माझ्या मते दोन डिस्कचा संच घेणेच शहाणपणाचे, कारण थ्रीडीची उपकरणे उद्या घरात नसली तरी चित्रपट हातचा जात नाही. शिवाय पूरक चित्रफिती बहुधा टूडी डिस्कवरच असतात.

परदेशातून डिस्क मागवताना प्रदेश-संकेत, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या विभागातल्या प्लेयरवर चालेल ते सांगणारे अक्षर, तपासावा. ब्लू-रेसाठी भारत सी विभागात, तर अमेरिका ए विभागात मोडते, आणि विभागबद्ध डिस्क इथल्या प्लेयरवर अडते. ब्लू-रेहून अधिक बारकाव्याचे चित्र देणाऱ्या फोरके अल्ट्रा एचडी डिस्कला हे बंधन नाही, मात्र त्या स्वरूपात थ्रीडीची सोयच नाही. त्यामुळे फोरके संचात थ्रीडी हवे असल्यास त्याची वेगळी ब्लू-रे आत आहे ना, हे पाहावे.

प्लेयर आणि पडदा दोन्ही थ्रीडी स्वीकारणारे हवेत. सोनीच्या प्लेस्टेशन 4 या गेम खेळण्याच्या यंत्रावर थ्रीडी ब्लू-रे चालते, प्लेस्टेशन 5 वर चालत नाही. सोनी आणि एलजी यांनी 2017 मध्ये थ्रीडी टीव्ही बंद केल्यामुळे आता जुना टीव्ही किंवा प्रोजेक्टर हेच पर्याय उरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात असा प्रोजेक्टर पाहायला जाताना स्वतःची थ्रीडी डिस्क सोबत न्यावी आणि तीच लावून पाहावी, कारण टूडीचे थ्रीडी करणाऱ्या बटणाने भासणारी खोली ही डिस्कवरची खोली नव्हे. चष्मा त्याच यंत्राशी जुळणारा आहे का, हेही तिथेच डोळ्यांवर लावून तपासावे. मुंबईतल्या छोट्या खोलीत प्रोजेक्टर भिंतीपासून किती अंतरावर ठेवता येईल, ते आधी मोजून न्यावे.

घरी जोडणी करताना मधला ध्वनी-रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारे यंत्र) एचडीएमआय 1.4 च्या, म्हणजे चित्र-आवाज एकाच तारेने नेणाऱ्या जोडणीच्या थ्रीडी पेलणाऱ्या आवृत्तीच्या, आधीचा असेल, तर चित्राची तार प्लेयरमधून थेट पडद्याला जोडावी आणि आवाज ऑप्टिकल तारेने वेगळा न्यावा.