सामाईक आंगणातला कॅमेरा : शेजाऱ्याची न्हाणी कशी वगळायची

भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरलेला, मोटारपंप छपरीत. कॅमेरा लागतोच. पण गावात घरं भिंतीला भिंत लागून, आंगण दोन-तीन घरांचं मिळून, अन् न्हाणी मागच्या सांदवाडीत, पुष्कळदा वरून उघडी. मे महिन्यात तर सगळे आंगणात नाहीतर स्लॅबवर झोपतात. त्यामुळे कॅमेरा कुठं लावायचा याच्याआधी त्याची पाठ कुणाकडं असेल ते ठरवा.

दारावर लावून बाहेर रोखण्याऐवजी आपल्या हद्दीच्या टोकाला, ८-९ फुटांवर लावा आणि तोंड आपल्याच दाराकडं फिरवा. शेजाऱ्याला लेन्स आपल्याकडं नाही हे त्याच्या ओट्यावरून दिसतं, निम्मं भांडण तिथंच मिटतं. तोटा एवढाच की चोर येताना पाठमोरा दिसतो, चेहरा सापडतो तो परत जाताना.

दुकानदार सहसा २.८ मिमीची लेन्स देतो. तिचा आडवा कोन साधारण १०० अंशांचा, म्हणजे १० फुटांवर जवळपास २४ फूट रुंदी. ६ मिमीच्या लेन्सला साधारण ५० अंश, तेवढ्याच अंतरावर ९ फूट. दार आणि उभी गाडी त्यात बसते, चेहराही मोठा येतो. दाटीच्या आंगणात ६ मिमीचीच मागा. मोबाईलवरून फिरणारा बल्बसारखा वायफाय कॅमेरा सामाईक जागेत नकोच. तो आज कुठं वळलाय याची खात्री शेजाऱ्याला कोण देणार?

तरीही एखादी खिडकी चौकटीत येत असेल तर डीव्हीआरच्या (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याच्या) मेनूत ‘प्रायव्हसी मास्क’ शोधा आणि तेवढ्या भागावर काळा चौकोन ओढा. तो रेकॉर्डिंगमध्येही काळाच राहतो का, हे प्लेबॅक लावून पाहा. मास्क चित्राच्या त्या जागेला चिकटलेला असतो, खिडकीला नाही. वानरानं कॅमेऱ्यावर उडी मारली किंवा वादळात ब्रॅकेट ढिला झाला की चौकोन तिथंच राहतो आणि खिडकी उघडी पडते. म्हणून स्क्रू लाकडाच्या खुंटीत न ठोकता प्लास्टिक गट्टू आणि दीड-दोन इंची स्क्रूनं भिंतीत बसवा, आणि दर महिन्याला चित्र तपासा.

आडोसा म्हणून पत्र्याची पट्टी लावायची तर फक्त शेजाऱ्याच्या बाजूनं, आणि आतून मॅट काळा रंग द्या. चकचकीत पत्र्यावरून कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा) उजेड परततो आणि रात्री चित्र पांढरं धुकट होतं. पट्टी लावल्यावर रात्री एकदा पाहूनच स्क्रू आवळा.

माईक बंद करा. आंगणातल्या गप्पा चोरीच्या तपासाला लागत नाहीत, भांडण मात्र लागतं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट खात्याची. कॅमेरा बसवणारा पोरगा बऱ्याचदा स्वतःच्याच मोबाईल नंबरावर खातं उघडतो आणि तुम्हाला नुसतं ‘शेअर’ देतो. मग त्याच्या फोनवरही तुमचं आंगण दिसत राहतं. पैसे देण्याआधी त्याच्या ॲपमधून उपकरण काढायला लावा, तुमच्या नंबरावर जोडा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला.

साठवण थोडी ठेवा. रेकॉर्डिंगचा वेग (बिटरेट) २ एमबीपीएस ठेवला तर एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ जीबी घेतो, म्हणजे चार कॅमेऱ्यांना १ टीबी दहा-बारा दिवस पुरते. चोरी दुसऱ्याच दिवशी कळते. महिनाभराची गरज नाही.

आता तुम्ही शेजारी असाल तर आधी स्क्रीन दाखवायला सांगा, दिवसाची आणि रात्रीचीही. ऐकलं नाही तर तंटामुक्त समितीकडं किंवा पोलीस पाटलाकडं लेखी द्या. कॅमेरा तुमच्या ओट्यावरून कसा दिसतो त्याचा तारखेसह फोटो जोडा. बाई न्हाताना किंवा कपडे बदलताना टिपली गेली असेल तर समितीत वेळ घालवू नका, सरळ ठाण्यात जा : भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मात्र पुढं करू नका, व्यक्तीच्या घरगुती वापराला तो लागू नाही. आणि काठीनं कॅमेरा फोडू नका. नुकसानीची तक्रार तुमच्यावरच होईल, अन् फोडतानाचं चित्र त्याच्याकडं असेल.