गणवेशातल्या जुन्या फोटोंवरून आजोबांची फौजेतली नोकरी कशी शोधावी

सातारा-सांगलीकडच्या घरांत भिंतीवर गणवेशातला एखादा फोटो हमखास असतो. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. ते ठाऊक आहे, कारण गावात त्यांचं स्मारक आहे. बाकी गावांतल्या फौजींची माहिती घरोघरच्या ट्रंकांत पडून आहे. आजी, आत्या, चुलत आजोबा आहेत तोवरच हे काम हाती घ्या.

आधी फोटो जपा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच त्याचा फोटो घ्या. सुटे फोटो 600 डीपीआयवर (स्कॅनच्या बारकाईचं माप) स्कॅन करा, मागची बाजूही. तिथे स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव किंवा पेन्सिलीने लिहिलेली तारीख सापडते. पुसट पेन्सिल दिसत नसेल, तर मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी तिरपा धरा.

मग चेहऱ्यावरून नजर काढून गणवेश वाचा. खरी माहिती इथे आहे, म्हणून घाई नको. टोपीवरचा बिल्ला मोठा करून बघा. बिगुल असेल तर मराठा लाईट इन्फंट्रीची शक्यता मोठी. एकमेकींवर तिरप्या दोन मशिनगन असतील तर 1941 साली उभी राहिलेली महार रेजिमेंट. बिल्ल्यावर राजमुकुट असेल तर फोटो इंग्रजी अमदानीतला किंवा त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतला, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर प्रजासत्ताकानंतरचा. बाहीवर एक फीत म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. घरात ‘आजोबा जमादार होते’ असं म्हणत असतील, तर तो हुद्दा 1965 पासून नायब सुभेदार झाला, हे लक्षात ठेवा.

पदकं घरात असतील तर ती फोटोहून जास्त बोलतात. गोल पदकाच्या कडेवर बहुधा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन फिरवत वाचा. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा टोकांच्या ताऱ्यांवर मधल्या वर्तुळात आफ्रिका, इटली, बर्मा अशी नावंच आहेत. ‘रक्षा’ पदक 1965 चं, ‘संग्राम’ पदक 1971 चं. स्टुडिओतल्या पडद्यावर रंगवलेल्या डोंगरावरून किंवा राजवाड्यावरून मात्र ठिकाण ठरवू नका.

फोटो हातात देऊन विचारा. ‘कुठल्या साली भरती झाले?’ या प्रश्नाला आजी ‘काय की बाबा’ म्हणेल. ‘हा फोटो कोयनेच्या भूकंपाआधीचा का नंतरचा?’ असं विचारा. 11 डिसेंबर 1967 ची ती पहाट तिला पक्की आठवते, आणि तिच्या मागे-पुढे बाकीचं आपोआप लागत जातं: तेव्हा थोरला पोटात होता, हे सुट्टीवर आले नव्हते, मनिऑर्डर अमुक गावाहून यायची. मध्ये बोलू नका, मोबाइलवर रेकॉर्ड करा.

सेवा क्रमांक, म्हणजे फौजीचा लष्करातला स्वतःचा नंबर, शोधा. पेन्शनचे कागद, डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), पदकाची पेटी, जुनी पत्रं. सगळ्यात मोलाची चीज हाच नंबर. इंग्रजी कागदांत कारकुनाने आडनाव कानाला लागेल तसं लिहिलेलं असतं; नंबर सहसा बदलत नाही.

इथे सांगलीकरांनी एक ध्यानात ठेवावं. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे महायुद्धाच्या कागदांत तासगाव-वाळव्याचे फौजी सातारा जिल्ह्याखाली असतात. युद्धात कामी आलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या, दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. तिथेही ‘सातारा’ टाकून बघा.

शेवटी अर्ज. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअरांच्या दलाचं खडकीला. त्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला (रेकॉर्ड ऑफिसला) नाव, गाव, सेवा क्रमांक आणि तुमचं नातं कळवून पत्र लिहा. मजकूर जमत नसेल, तर साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. सोबत कागदांच्या प्रतीच जोडा. अस्सल फोटो आणि डिस्चार्ज बुक कुणाच्याही हवाली करू नका.