एकाच साऱ्यात दोन रंगांचा गहू

मागच्या रब्बीत पहिलं पाणी दिल्यावर आठवडाभरात एकाच साऱ्यात, म्हणजे मातीच्या दोन वरंब्यांमधल्या लांब पट्ट्यात, गहू दोन रंगांचा दिसू लागला. खोलगट जागी पिवळा, उंचवट्यावर सुकलेला. मी आधी युरियाला दोष दिला.

पुढच्या बाऱ्यानंतर, म्हणजे पाण्याच्या पाळीनंतर, दुसऱ्या दिवशी ओल किती खोल गेली ते पाहायला लोखंडी सळई घेऊन रानात फिरलो. उंचवट्यावर ती वीतभर जाऊन अडली, खोलग्यात हातभर सहज गेली. उंचवट्याला वळसा घालून पाणी पुढे पळत होतं, तिथल्या मातीला प्यायला वेळच मिळत नव्हता. खोलग्यात मात्र ते साचून मुळांच्याही खाली झिरपायचं आणि काळ्या रानात मुळांचा श्वास कोंडायचा. वरचं भिजावं म्हणून मी बारं लांबवत होतो, म्हणजे खालचं आणखी बुडवत होतो!

काढणीनंतर नांगरट केली, ढेकळं फोडली. पारदर्शक नळीत पाणी भरून दर दहा पावलांवर खुंटी ठोकत पातळी घेतली. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या रानात सहा इंचांचा फरक निघाला. केणीने, म्हणजे माती ओढून सपाट करायच्या अवजाराने, हे जमणारं नव्हतं, म्हणून लेझर किरणाने पातळी धरून माती सारखी करणारं यंत्र, लेझर लेव्हलर, भाड्याने आणून फिरवलं. साऱ्याच्या लांबीत १०० फुटांना साधारण ३ इंच उतार ठेवला, आडवं मात्र अगदी सपाट.

यंदा पाणी साऱ्याच्या दोन्ही वरंब्यांना धरून एका रेषेत सरकतं. फक्त जिथली वरची माती खरवडली गेली, तिथला गहू अजून दोन बोटं बुटका आहे. तिथे आणखी एक ट्रॉली शेणखत टाकायचंय.