मेडिकल स्कूलची यादी: आधी राज्य बघा, मग नाव

अमेरिकेत प्रीमेड (मेडिकलच्या प्रवेशाआधीचं कॉलेज शिक्षण) करणाऱ्या आपल्या मुलांची, अर्ज कुठे करायचे याची यादी बहुतेक वेळा हार्वर्ड, जॉन्स हॉपकिन्सपासून सुरू होते. ती तिथून सुरू करू नका. एएएमसीचं (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना) एमएसएआर नावाचं सशुल्क ऑनलाइन साधन आहे, ते घ्या. आपला एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) आणि जीपीए (कॉलेजातल्या गुणांची सरासरी) त्या कॉलेजात घेतलेल्यांच्या मध्यकाच्या, म्हणजे मधल्या आकड्याच्या, आसपास आहे का, हे त्यात दिसतं. दहाव्या पर्सेंटाइलच्याही खाली असेल, तर अशी नावं हौसेखातर एकदोनच ठेवावीत.

पण खरी मेख आकड्यांत नाही, रहिवासात आहे. मिसिसिपी विद्यापीठाचं मेडिकल स्कूल आणि नॉर्थ कॅरोलिनातलं ब्रॉडी मेडिकल स्कूल फक्त आपापल्या राज्यातल्यांनाच घेतात. टेक्ससच्या सरकारी कॉलेजांत बाहेरच्यांना जास्तीत जास्त 10 टक्के जागा. एमकॅटला 520 इतके उत्तम गुण असून बाहेरच्या राज्यातून अशा ठिकाणी अर्जाची फी भरलीत, तरी पैसे बहुधा पाण्यातच! म्हणून बाहेरच्या राज्यातून गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती जणांनी प्रवेश घेतला, तो आकडा बघा. आपल्या राज्यातली सरकारी कॉलेजं मात्र जवळपास सगळी यादीत घ्या.

एच-4 (एच-1बीवाल्यांच्या कुटुंबाचा) किंवा एफ-1 (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असाल तर आणखी एक चाळणी आधी लावा: ग्रीन कार्ड नसलेल्यांना अर्जच करू न देणारी कॉलेजं बरीच आहेत.

डीओ कॉलेजांना (एमडीऐवजी ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची पदवी देणारी) नाक मुरडू नका. तिथून झालेला डॉक्टरही पूर्ण परवानाधारकच असतो, हे आजीआजोबांना समजावणं तेवढं अवघड जातं.