कानाची कूर्चा टोचून घेताना आणि ती जखम भरून येईपर्यंत

कानाची पाळी टोचणे आणि कानाच्या वरच्या कडक भागाला छिद्र पाडणे या गोष्टी दिसायला सारख्या असल्या, तरी शरीराच्या दृष्टीने त्या फार वेगळ्या आहेत. पाळी मऊ असते, तिला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि तिची जखम साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरते. वरचा भाग कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ पण लवचीक अशा कार्टिलेजचा असतो आणि कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर घट्ट बसलेल्या पातळ आवरणातून झिरपणाऱ्या पोषणावरच ती जगते. त्यामुळे तिथले छिद्र भरायला ३ महिन्यांपासून वर्षापर्यंत, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि जंतूंचा शिरकाव झालाच तर संरक्षक पेशी व औषध दोन्ही तिथवर सहजी पोहोचत नाहीत. पुढे दिलेली जवळजवळ प्रत्येक सूचना या एका वस्तुस्थितीतून आलेली आहे.

पहिली पायरी : आधी स्वतःच्या प्रकृतीचा विचार

मधुमेह नियंत्रणात नसेल, रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, हृदयाच्या झडपेचा आजार असेल, गर्भारपण असेल किंवा पूर्वीच्या एखाद्या जखमेवर केलॉइड, म्हणजे जखमेची हद्द ओलांडून वाढणारा व्रण, उठला असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे. चालू असलेली औषधे मात्र टोचून घेण्यासाठी स्वतःहून बंद करू नयेत. पुढच्या काही आठवड्यांत पोहणे, हेल्मेट घालून लांबचा प्रवास किंवा अंगाला धक्का लागणारा खेळ ठरलेला असेल, तर टोचणे पुढे ढकलणेच योग्य. आपण नेहमी ज्या कुशीवर झोपता त्या बाजूचा कान निवडू नये, आणि दोन्ही कान एकाच दिवशी तर मुळीच टोचून घेऊ नयेत. रात्री टेकायला एक बाजू मोकळी राहिलीच पाहिजे.

दुसरी पायरी : कोणाकडून आणि कशाने

कूर्चा कान टोचायच्या गनने टोचून घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. गनमध्ये तुलनेने बोथट स्टड जोराने दाबून आरपार घुसवला जातो; पाळी तो ताण सोसते, पण कूर्चा चेपली जाते आणि तिला तडेही जाऊ शकतात. शिवाय प्लॅस्टिकचे भाग असलेली गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेत, निर्जंतुक करता येत नाही. एकदाच वापरायची, टोकदार आणि आतून पोकळ सुई हेच यासाठीचे योग्य साधन होय. सुईचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का, हातमोजे नवे घातले जातात का आणि दागिना निर्जंतुक केलेला आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. चांगला पिअर्सर, म्हणजे टोचणारा व्यावसायिक, अशा प्रश्नांनी दुखावत नाही.

स्वच्छतेचा देखावा पुरेसा नसतो, याचे एक ठळक उदाहरण नोंदलेले आहे. २००० साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एकाच ठिकाणी कान टोचून घेतलेल्या अनेकांना स्यूडोमोनास जंतूचा संसर्ग झाला. तपासात तो जंतू जंतुनाशक फवारण्याच्या बाटलीतच सापडला, आणि खात्रीने निदान झालेले सर्व रुग्ण वरच्या कूर्चेला टोचून घेतलेले होते.

तिसरी पायरी : दागिना

पहिला दागिना शोभेपेक्षा जखमेच्या सोयीने निवडावा. शरीरात बसवण्यायोग्य प्रतीचे टायटॅनियम सर्वांत निर्धोक. १४ कॅरट किंवा त्याहून शुद्ध, निकेलविरहित सोनेही चालते. मुलामा दिलेले आणि ‘अ‍ॅलर्जी होत नाही’ एवढ्याच दाव्यावर विकले जाणारे दागिने टाळावेत. मागे सपाट चकती असलेली सरळ दांडी रिंगपेक्षा बरी, कारण रिंग सतत फिरते आणि वाळलेला स्राव छिद्रात ओढते. सुरुवातीला सूज येते, म्हणून दांडी मुद्दाम थोडी लांब घालतात. सूज उतरली की, साधारण ४ ते ८ आठवड्यांनी, पिअर्सरकडून ती आखूड करून घ्यावी. ही भेट अनेकजण टाळतात, आणि लांब दांडी कलंडत राहिल्याने छिद्र तिरके होऊन गाठ येते.

चौथी पायरी : रोजची निगा

टोचायला जाताना पोटभर खाऊन जावे. रिकाम्या पोटी चक्कर येण्याची शक्यता वाढते. त्यानंतरची निगा अगदी थोडी आहे. हात साबणाने धुऊन दिवसातून दोनदा ०.९ टक्के मिठाचे तयार निर्जंतुक सलाईन पुढून-मागून फवारावे, नरम पडलेली खपली स्वच्छ गॉजने टिपून घ्यावी आणि जागा कोरडी करावी. घरी कालवलेले मिठाचे पाणी बहुधा जास्त खारट होते आणि त्वचा कोरडी पाडते. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, टी-ट्री तेल, चिकट मलमे यांपैकी काहीही लावू नये. छिद्र ‘चिकटू नये’ म्हणून दागिना फिरवत राहण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो पाळू नये, कारण प्रत्येक फेरीत आत तयार होणारी नाजूक त्वचा फाटते.

टोचलेल्या कानाच्या कुशीवर झोपणे, फोन कानाला दाबून धरणे, हेडफोन, मास्कचे इलॅस्टिक, टॉवेलच्या धाग्यात दागिना अडकणे, केसांची उत्पादने या गोष्टी जखमेला वारंवार डिवचतात. झोपेत वळण्याची सवय असेल तर मध्ये भोक असलेली प्रवासी उशी घेऊन कान त्या पोकळीत ठेवावा.

गाठ आली तर

पहिले काही दिवस लाली, थोडी सूज, हळवेपणा आणि पांढरट-पिवळसर स्राव वाळून होणारी खपली हे सारे अपेक्षितच आहे. काही आठवड्यांनी छिद्राच्या तोंडाशी लहान गुलाबी, कधी ओलसर फुगवटी येते आणि माणूस घाबरून ‘केलॉइड झाला’ असे धरून चालतो. बहुतेक वेळा तो केलॉइड नसतो. दाब, धक्का, लांब दांडी किंवा निकेल यांपैकी कशाने तरी जागा डिवचली गेलेली असते. कारण शोधून दूर केले की ती हळूहळू ओसरते. ती फोडू नये, दाबू नये, तिच्यावर घरगुती लेप लावू नयेत. खाज, पुरळ आणि पाण्यासारखा स्राव एकत्र आला तर धातूचा संशय घ्यावा. केलॉइड बहुधा काही महिन्यांनी दिसू लागतो, मूळ जखमेची हद्द ओलांडून वाढत जातो आणि आपोआप जात नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. तो नुसता कापून काढला तर पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते.

थांबायचे नाही अशी लक्षणे

सुरुवातीची सूज उतरण्याऐवजी वाढू लागली, कानाचा वरचा भाग लाल, गरम आणि ठणकणारा झाला पण खालची पाळी मात्र नेहमीसारखी राहिली, हिरवट-पिवळा पू आला किंवा ताप भरला, तर हा कूर्चेच्या आवरणाचा संसर्ग असू शकतो. त्याला पेरिकॉन्ड्रायटिस म्हणतात. अशा वेळी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना किंवा जवळच्या रुग्णालयात दाखवावे. घरात उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. स्यूडोमोनासवर अनेक नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत. पू साचला असेल तर तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. उशीर झाल्यास कूर्चा मरून कान कायमचा चुरगळल्यासारखा दिसू लागतो, आणि तो पूर्ववत करणे अत्यंत अवघड असते.

संसर्गाची शंका असताना दागिना स्वतःहून ओढून काढू नये. तोंडाशी छिद्र मिटून पू आत अडकण्याचा धोका असतो, म्हणून तो काढायचा की ठेवायचा हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. सुजेत दागिना रुतू लागला असेल तर तेही त्याच दिवशी दाखवण्याचे कारण आहे.

छिद्र सोडून द्यावेच लागले, तर त्याच जागी पुन्हा टोचण्याची घाई करू नये. आतला व्रण नरम पडायला काही महिने लागतात, आणि नंतरही अनुभवी पिअर्सर व्रणातून टोचण्यापेक्षा किंचित बाजूची निरोगी जागा निवडतो.