शॉर्टवेव्हवर दर सेकंदाला 'टक्-टक्': माझा अनुभव

संध्याकाळी रेडिओवर शॉर्टवेव्हच्या ३१ मीटर बँडवर, म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, सेकंदा-सेकंदाला 'टक्'. सेल बदलले, बँड बदलायचा खटका (बँडस्विच) साफ केला. निंबावरची एरियल लांबवली तर टकटक वाढलीच. डोकं उठलं होतं.

कारण निघालं रानडुकरांसाठी वावराला लावलेली, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी झटका मशीन. आधी ती बंद करून पाहा. आवाज थांबला, तर दोष बहुधा तारेवर उडणाऱ्या ठिणगीचा. मशीन पुन्हा चालू करा, ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या रिकाम्या जागी लावा आणि तारेला हात न लावता धुऱ्याधुऱ्यानं चाला. 'टक्' सर्वांत मोठा होतो तिथे थांबा. मला तिथे तडकलेला इन्सुलेटर (तार खांबापासून वेगळी ठेवणारा तुकडा) आणि तारेला टेकलेलं गवत सापडलं. मशीन बंद करूनच गवत कापलं, इन्सुलेटर बदलला, तारेचा सैल पीळ आवळला. शेवटी एरियल कुंपणाला काटकोनात बांधली. पावसाळ्यात गवत वाढलं की धुरा पुन्हा साफ करावा लागतो.