हौशी एन्ड्युरन्स रेसिंगसाठी कमी खर्चात लॅप टायमर कसा बसवावा

आठ तासांची शर्यत आणि दोन मिनिटांची फेरी धरली, तर जास्तीत जास्त २४० फेऱ्या होतात. दर फेरीत एक सेकंद वाचवलात तर दिवसभरात चार मिनिटं, म्हणजे दोन फेऱ्या हाती लागतात. आता तोच हिशेब उलटा मांडा. तो एक सेकंद काढायच्या नादात गाडी एकदा मातीत गेली, काळा झेंडा (म्हणजे आत येण्याचा हुकूम) मिळाला, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टीमच्या थांब्यावर, पाच मिनिटं गेली, की अडीच फेऱ्या गेल्या. दिवसभराची कमाई गेली, वर अर्धी फेरी दंड.

म्हणून अशा शर्यतीत फेरीची वेळ मोजणारा टायमर हवा तो ड्रायव्हरला पळवण्यासाठी नव्हे, त्याला एका चालीत ठेवण्यासाठी. या कामाला महागडं यंत्र लागत नाही. अमेरिकेत २००६ पासून चालणाऱ्या '२४ अवर्स ऑफ लेमन्स' शर्यतींचा मूळ नियमच असा की सुरक्षेचं सामान सोडून गाडी ५०० डॉलरच्या आत बसली पाहिजे. तशा गाडीत गाडीपेक्षा महाग घड्याळ शोभत नाही.

१. आधी नियमावली वाचा

गाडीतून पिटकडे थेट डेटा पाठवायला परवानगी आहे का, ड्रायव्हरसमोर फोन चालतो का, हे आयोजकागणिक बदलतं. सरावाचंही तसंच. ब्रिटनमधल्या ट्रॅक डेमध्ये (आपली गाडी ट्रॅकवर पळवायचे दिवस) फेरीची वेळ मोजायला सहसा मनाई असते, कारण वेळ मोजली की विम्याच्या दृष्टीने ती शर्यत ठरते. टायमरची चाचणी जिथे वेळ मोजायला परवानगी आहे अशाच दिवशी करा.

२. फुकट मिळतं ते आधी वापरा

निकाल लागतो तो ट्रान्सपाँडरवरून, म्हणजे गाडीवर लावलेल्या, आपला क्रमांक कळवणाऱ्या छोट्या यंत्रावरून. ट्रॅकखाली तारेचा लूप पुरलेला असतो, त्यावरून गाडी गेली की तिच्या ट्रान्सपाँडरचा क्रमांक नोंदला जातो आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मिळते. तुमचं कुठलंही यंत्र याच्या जागी येत नाही. पण आयोजकांनी सोय केली असेल, तर हीच वेळ 'रेस मॉनिटर' किंवा 'स्पीडहाइव्ह'सारख्या अ‍ॅपवर पिटमध्ये जवळपास लगेच दिसते. एका माणसाने ती पाहायची आणि रेडिओवरून ड्रायव्हरला सांगायची. रेडिओ नसेल तर पाटी धरायची. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष एवढ्यावर काढा. गाडी शेवटपर्यंत टिकवणं हेच त्या वर्षी पुरेसं काम असतं.

३. फोन आणि बाहेरचा जीपीएस रिसीव्हर

पुढची पायरी म्हणजे कपाटात पडलेला जुना फोन, त्यावर 'रेसक्रोनो', 'हॅरीज लॅपटायमर' किंवा 'ट्रॅकअ‍ॅडिक्ट' यांपैकी एक अ‍ॅप आणि ब्लूटूथने जोडलेला जीपीएस रिसीव्हर.

नुसता फोन का पुरत नाही? फोनचा स्वतःचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच जागा सांगतो. ताशी १५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ ४२ मीटर जाते. म्हणजे फेरी जिथे सुरू होते आणि संपते ती रेषा गाडीने ओलांडली ती या ४२ मीटरांत नेमकी कुठे, हे अ‍ॅपला अंदाजाने काढावं लागतं. सेकंदाला १० वेळा जागा सांगणारा रिसीव्हर (उदाहरणार्थ 'ड्युअल एक्सजीपीएस १६०') हे अंतर सुमारे चार मीटरवर आणतो, आणि २५ वेळा सांगणारा 'रेसबॉक्स मिनी' दोन मीटरच्याही आत. आपल्या कामाला १० भरपूर झाले. बाहेरचा रिसीव्हर जोडायची सोय अ‍ॅपच्या फुकट आवृत्तीत आहे की पैसे भरावे लागतात, ते रिसीव्हर घेण्याआधी पाहा. जोडल्यावर अ‍ॅप खरोखर त्याच्याकडूनच माहिती घेतंय ना, हेही तपासा. फोन गुपचूप स्वतःच्या जीपीएसवर चालू राहतो आणि दिवसभर कुणाला पत्ता लागत नाही.

'एआयएम सोलो २' किंवा 'गार्मिन कॅटलिस्ट' यांत पडदा आणि रिसीव्हर एकाच डबीत येतात आणि कटकट कमी होते, पण खर्च बराच वाढतो. पिटच्या भिंतीवर दिवा ठेवून चालणारे जुने इन्फ्रारेड टायमर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. दुसऱ्या टीमचा दिवाही तुमच्या गाडीला तुमचाच वाटू शकतो.

४. रेषा कुठे टाकायची

इथे बहुतेक जण अ‍ॅपने दिलेली रेषा तशीच ठेवतात. थोडा विचार केला तर स्वस्त रिसीव्हरकडूनही चांगलं काम करून घेता येतं.

वेळेतली चूक म्हणजे अंतरातली चूक भागिले वेग. रिसीव्हर दोन मीटर चुकला आणि गाडी सेकंदाला ४० मीटर वेगाने जात असली, तर वेळ ०.०५ सेकंदाने चुकते. तीच गाडी हळू वळणातून सेकंदाला १५ मीटरने जात असली, तर चूक ०.१३ सेकंदावर जाते. म्हणून रेषा लांब सरळ पट्ट्यावर, गाडी भरधाव असते तिथे टाका, पण ब्रेक लागतात त्याच्या बरीच अलीकडे. दोन नोंदींच्या मधली वेळ काढताना वेग फारसा बदलत नाही असं धरलेलं असतं, त्यामुळे ब्रेकच्या जागी गणित बिघडतं. वर पूल, दाट झाडी किंवा प्रेक्षकांच्या गॅलरीचं छप्पर असेल तर ती जागा सोडा.

रेषा मुख्य पट्ट्यावर असेल तर पिट लेन तिच्या शेजारूनच जाते. रेषा आखूड पडली तर पिटमधून गेलेली फेरी मोजलीच जात नाही आणि दोन फेऱ्यांची मिळून एक लांबलचक फेरी दिसते. रेषा पिट लेनपर्यंत ओढा, किंवा ती मुळात ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला टाका. एकदा टाकली की शर्यत संपेपर्यंत हलवू नका. तुमची आणि अधिकृत वेळ तंतोतंत जुळणार नाही, त्यावरून पिटमध्ये वाद घालू नका. तुमची वेळ तुमच्याच आधीच्या वेळेशी ताडून पाहायची असते.

५. बसवणं आणि वीज

शर्यतीत टायमर बंद पडतो तो माझ्या अनुभवात अ‍ॅपमुळे नाही, केबलमुळे.

फोन काचेला चिकटणाऱ्या रबरी वाटीवर लावू नका. आमचा पहिल्याच वर्षी तिसऱ्या तासाला निसटला आणि सीटखाली गेला. पेडलखाली गेला असता तर हा लेख वेगळ्या विषयावर असता. रोल केजच्या (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या सांगाड्याच्या) नळीला बोल्टने आवळायचा क्लॅम्प घ्या, शिवाय फोनला एक मजबूत दोरी बांधा. ड्रायव्हर बाहेर पडतो त्या वाटेत क्लॅम्प किंवा केबल येता कामा नये. रिसीव्हर पत्र्याच्या छताखाली नको, डॅशबोर्डवर काचेलगत ठेवून पक्का बांधा. काचेत तापणाऱ्या तारा किंवा धातूचा थर असेल तर सिग्नल अडू शकतो. तो भाग टाळा.

ऊन हा दुसरा शत्रू. आयफोन वापरण्यासाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावं असं कंपनीच सांगते, आणि बंद काचेमागचा डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी वर जातो. आधी पडदा मंद होतो, मग फोन बंद. कव्हर काढा, फोन सावलीत आणि वाऱ्याच्या झोतात ठेवा.

सिगारेट लायटरच्या खोबणीतला चार्जर धक्क्यांनी बाहेर येतो. त्याऐवजी १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट यूएसबी देणारा कन्व्हर्टर फ्यूजसह गाडीच्या वायरिंगला कायमचा जोडा. केबलला फोनजवळ थोडा ढिला वळसा देऊन झिप टायने बांधा, म्हणजे धक्का प्लगवर बसत नाही. फोन आणि रिसीव्हर दोघांची बॅटरी शाबूत हवी, कारण गाडीची सगळी वीज तोडणारा किल स्विच मारला की बाहेरची वीज जाणार.

ओबीडीचा (गाडीच्या संगणकाच्या तपासणी-खोबणीचा) ब्लूटूथ डोंगल जोडून इंजिनचे आकडे घ्यायचा मोह होतो. पहिल्या हंगामात नको.

६. पडद्यावर काय दिसू द्यावं

फक्त दोन आकडे मोठ्या अक्षरात हवेत: मागच्या फेरीची वेळ आणि ठरवलेलं लक्ष्य. चांगल्या फेरीपेक्षा किती पुढे-मागे आहोत हे सतत दाखवणारा डेल्टा मी बंद ठेवतो. गर्दीत तो कायम तोटाच दाखवणार, आणि ड्रायव्हर चिडून नको तिथे गाडी घुसवणार. चांगली फेरी दोन मिनिटांची असेल तर लक्ष्य २ मिनिटं ४ सेकंद ठेवा आणि त्याच्या एक सेकंद इकडे-तिकडे राहायला सांगा.

फोनमध्ये सिम नको, सूचना बंद, पडदा आपोआप विझण्याची सोय बंद. रात्रीची शर्यत असेल तर पडदा मंद करायला विसरू नका.

७. पिटमधली वही

एकीकडे कागद-पेन्सिल हवीच. प्रत्येक पाळीला ड्रायव्हर, सुरू झाल्याची वेळ, फेऱ्या आणि भरलेलं इंधन लिहा. समजा वापरण्याजोगं इंधन ५५ लिटर आहे आणि फेरीला १.४ लिटर लागतं. ३९ फेऱ्या होतात. दोन राखून ३७ धरा, म्हणजे २ मिनिटं ४ सेकंदांच्या चालीने साधारण सव्वा तास. पहिल्यांदा टाकी पूर्ण भराल तेव्हा जितकं आत गेलं त्याला फेऱ्यांनी भागा, मग १.४ हा अंदाज राहत नाही, खरा आकडा मिळतो. हिशेब घड्याळाने नको, फेऱ्यांनी करा. पिवळ्या झेंड्याखालच्या (पुढे धोका म्हणून हळू चालवायच्या) फेऱ्यांना वेळ जास्त लागतो पण इंधन कमी, त्यामुळे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते.

८. रंगीत तालीम

आदल्या दिवशी सगळं जोडून तासभर चालू ठेवा. मध्येच किल स्विच मारून काय टिकतं ते पाहा. प्रत्येक ड्रायव्हरला हेल्मेट आणि हातमोजे घालून, पट्टे आवळून बसवा आणि पडदा वाचायला लावा. उंच माणसाला दिसतो तो बुटक्याला स्टिअरिंगच्या आड जातो. शर्यतीच्या सकाळी रिसीव्हर पाव तास आधी मोकळ्या आकाशाखाली चालू करा. जीपीएस उपग्रहाचा पूर्ण संदेश यायलाच साडेबारा मिनिटं लागतात.

ड्रायव्हर बदलताना टायमरला हात लावायचा नाही, बदलाची वेळ वहीत लिहायची. शर्यत संपली की वीज तोडण्याआधी अ‍ॅपमधलं सेशन थांबवून फाइल जतन करा. आणि भाड्याचा ट्रान्सपाँडर काढून परत द्या. दमलेल्या टीम तो गाडीसकट घरी घेऊन जातात.